हळदीच्या पेठेतला पेंटियम: जुन्या संगणकावर लिनक्स टाकताना

कॅबिनेटचा बाजूचा पत्रा सरकवला तर आत सगळं पिवळं. फॅनची पाती पिवळी, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या फटींत पिवळा गच्च थर, रॅमच्या खाचेत पिवळी रेघ. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात एका अडत दुकानात हा पेंटियम ४ पंधरा वर्षं हिशोब करत बसला होता आणि नंतर काही वर्षं माळ्यावर पडून होता. ज्या गाळ्यात हळदीचे सौदे होतात तिथल्या हवेतच हळद असते, आणि संगणकाचा फॅन ती दिवसभर आत ओढत राहतो. मी ब्रश फिरवला आणि पाच मिनिटं नुसता शिंकत होतो. शेठ गादीवरूनच म्हणाले, "हुतंय का बघा की चालू. न्हाई तर भंगारवाला हाय."

चालू झाला. २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई, म्हणजे जुन्या रुंद केबलवाली डिस्क, वर विंडोज एक्सपी. आता त्यावर लिनक्स आहे आणि तो पुन्हा त्याच दुकानात कामाला लागला आहे. असा डबा तुमच्याही माळ्यावर असेल, तर त्याच्यावर मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही फुकट वापरता, बदलता, वाटता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम कशी टाकायची, ते मी जसं करतो तसं सांगतो. आमच्याकडे दुरुस्तीवाले म्हणतात, "विंडो मारून देतो." त्याच चालीवर हे लिनक्स मारणं. मात्र विंडो मारायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ इथे आधीच्या तयारीत जातो.

आधी काम ठरवा

कुठलं लिनक्स टाकू, हे नंतर. ह्या डब्याकडून काय करून घ्यायचं ते आधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. म्हाताऱ्या बैलाला नांगराला जुंपत नाहीत, पण वैरणीची गाडी तो अजून ओढतो. पेंटियम ४ वर मराठी पत्र टाईप करणं, छोटा हिशोब ठेवणं, पावत्या छापणं, मुलांना टायपिंग शिकवणं, जुनी गाणी लावणं, दोन खोल्यांत फाईल वाटणं, ह्यातलं कुठलंही एक काम नीट होतं. बँकेची वेबसाइट, सातबाऱ्याचं पोर्टल, यूट्यूब ह्यासाठी तो डबा उघडूच नका. आजची वेब पानंच इतकी जड आहेत की ५१२ एमबी रॅम पहिल्या पानातच संपते. शिवाय ब्राउझरवाल्यांनीही पाठ फिरवली आहे: क्रोमने ३२-बिट, म्हणजे ह्या जुन्या पिढीच्या प्रोसेसरांचं लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून.

विजेचंही बघा. जुना पेंटियम आणि काचेचा जाड मॉनिटर मिळून साधारण दीडशे वॉट खातात. दिवसाला आठ तास चालवलात तर रोज सव्वा युनिटच्या आसपास. दिवसभर चालू ठेवायचं काम असेल तर हा माणूस महाग पडतो. तासाभराच्या कामाला चालतो. मॉनिटर तेवढा जुना एलसीडी मिळाला तर बघा, टेबलही मोकळं होतं.

पत्रा काढा, खोडरबर घ्या

इन्स्टॉल मध्येच अडकलं की नवखा माणूस लिनक्सला शिव्या घालतो. माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा दोष रॅमचा, डिस्कचा नाहीतर एसएमपीएसचा, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याचा निघतो. म्हणून आधी डबा.

वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जातो. एसएमपीएसचा डबा आणि काचेचा मॉनिटर मात्र उघडायचेच नाहीत, त्यांतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही झटका बसेल एवढा चार्ज राहतो. कामाला बसताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायची सवय ठेवा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. नायलॉनच्या सतरंजीवर बसून रॅम हाताळू नका.

धूळ मऊ रंगाच्या ब्रशने काढा आणि अंगणात काढा. ब्लोअर मारणार असाल तर फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा भिरभिरून बेअरिंग जातं. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला पांढरा मऊ खोडरबर दोन्ही बाजूंनी फिरवा आणि चुरा झटकून परत बसवा. दोन्ही टोकांच्या क्लिपा 'टक' वाजल्या पाहिजेत. चालू केल्यावर लांब लांब बीप येत असतील तर बहुतेक वेळा एवढ्यानेच थांबतात. हा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला माहीत आहे, आणि तरी दरवेळी चालला की मला आनंद होतो.

आता मदरबोर्डवरच्या छोट्या उभ्या नळकांड्या बघा, ते कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट हवं. पुरीसारखं फुगलं असेल किंवा वर तपकिरी चिकट डाग असेल, तर तो बोर्ड आज ना उद्या जाणार. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला असे खराब कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर गेले होते, त्यामुळे नेमक्या ह्याच वयाच्या मशीनमध्ये हा आजार फार. सांगलीशेजारच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात पुरलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची, माळ्यावरच्या संगणकाचं तसं नाही. तो न वापरताही म्हातारा होतो.

हीटसिंक काढून त्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायची असेल तर जपून. पेंटियम ४ च्या ४७८ पिनांच्या सॉकेटमध्ये जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरते. हीटसिंक सरळ वर ओढलात तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरही त्याला चिकटून बाहेर येतो. माझ्या हातून एकदा तसं झालं, दोन पिना आडव्या झाल्या आणि त्या सुईने सरळ करताना संध्याकाळ गेली. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, हीटसिंक किंचित डावीकडे-उजवीकडे पिळा, सैल झाला की मग उचला.

बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, न तपासता बदला. स्वस्त असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. मेलेल्या सेलने पुढे इंटरनेट बंद पडल्यासारखं होतं. ते कसं, ते पुढे येईल.

सांगलीकरांसाठी एक वेगळी सूचना. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती, आणि त्या पाण्यात बुडालेले संगणक अजून कित्येक घरांत 'वाळवून ठेवलेले' आहेत. ते थेट चालू करू नका. गाळाचा थर वरून कोरडा दिसला तरी पावसाळी हवेत ओल धरतो आणि शॉर्ट होतो. बोर्ड स्वच्छ पाण्याने, मऊ ब्रशने धुवा आणि चार-पाच दिवस पंख्याखाली वाळवा. एसएमपीएस दुसरा लावा, जुना टाकून द्या. डिस्कमध्ये महत्त्वाचं काही असेल तर तिला वीजच देऊ नका, डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. आत गाळ असताना ती एकदा फिरली तर तबकडीवर ओरखडे पडतात.

जुनं आधी उतरवून घ्या

डिस्क पुसायच्या आधी मालकाला विचारा, आणि दोनदा विचारा. "त्यात काय न्हाई" म्हणणाऱ्या शेठच्या डिस्कमध्ये टॅलीचा नऊ वर्षांचा डेटा आणि मुलीच्या लग्नाचे फोटो होते.

सोपा मार्ग असा: पुढे सांगतो त्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं सुरू करायचं, डिस्कला हात न लावता, आणि फाईल व्यवस्थापकातून जुनी डिस्क उघडून हवं ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करायचं. मशीनच बंद असेल तर आयडीई-ते-यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, तो लावून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा.

श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये केलेली कागदपत्रं असतील तर जरा थांबा. युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या त्या फॉन्टांत अक्षरांची जागा वेगळी असते, त्यामुळे लिनक्सवर ती फाईल उघडली की नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. फाईल खराब झालेली नसते, ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. आणि त्या मशीनवर अजून डोंगल लावून श्रीलिपी आणि पेजमेकर चालत असेल, एखाद्या डीटीपीवाल्याचं पोट त्यावर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: त्या मशीनला हात लावू नका. इंटरनेटची वायर काढून टाका आणि एक्सपी तशीच चालू द्या. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच संपले, पण नेटशिवाय ती निवांत चालते.

वय बघून सिस्टिम निवडा

४८६ किंवा सुरुवातीचा पेंटियम, रॅम ३२ एमबीच्या आतबाहेर: फ्रीडॉस, म्हणजे जुन्या डॉसला मुक्तस्रोत पर्याय. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार असं दिसल्यावर जिम हॉल ह्या विद्यार्थ्याने तो प्रकल्प सुरू केला, आणि तो अजून चालू आहे. जुन्या पतसंस्थांचे, अडत्यांचे फॉक्सप्रो किंवा क्लिपरमधले प्रोग्रॅम त्यावर बहुधा जसेच्या तसे चालतात. लिनक्सच्या मूळ गाभ्यातून त्याहून जुन्या ३८६ चा आधार २०१३ मध्ये काढला गेला, तेव्हा तिथे हट्ट करू नका.

पेंटियम ३ आणि पेंटियम ४, रॅम २५६ एमबी ते १ जीबी: अँटिएक्स. डेबियन ह्या जुन्या, मोठ्या लिनक्सवर उभारलेली, पण अंगावर चरबी नसलेली सिस्टिम. बनवणारेच २५६ एमबीवर चालेल म्हणतात. माझ्या मते ५१२ असेल तरच हात घाला, आणि जुनी डीडीआर रॅम कुठे मिळाली तर १ जीबी करा. त्या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच नाही. शेठच्या मशीनवर मी अँटिएक्स २३ ची ३२-बिट आवृत्ती टाकली. ती डेबियन १२ वर आधारलेली आहे. हे महत्त्वाचं, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. उबुंटू ह्या दुसऱ्या लिनक्सने तर २०१७ मध्येच ३२-बिट डेस्कटॉप सोडला. नेटवर "लेटेस्ट घ्या" असा सल्ला भेटेल. ह्या वयाच्या मशीनला तो लागू नाही.

रॅम १२८ च्या घरात असेल तर टायनी कोअर. अख्खी सिस्टिम पंचवीस एमबीच्या आत मावते. पण ती नवख्यासाठी नाही, प्रत्येक गोष्ट हाताने जोडावी लागते.

कोअर २ ड्युओ आणि पुढचे, म्हणजे २००६ नंतरचे बरेचसे, रॅम २ जीबी: हे तर तरुणच म्हणायचे. ६४-बिट डेबियन, एक्सएफसीई डेस्कटॉप घेऊन, खुशाल टाका. जुनी एसएटीए डिस्क काढून छोटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क लावलात तर घरच्यांना खरं वाटत नाही.

प्रोसेसर ६४-बिट आहे की नाही ह्यात गंमत आहे. पेंटियम ४ नावाचे शेवटशेवटचे काही ६४-बिट आहेत आणि सुरुवातीचे सगळे ३२. नावावरून ठरवू नका. ६४-बिटवाली चकती लावून बघा. प्रोसेसर ३२-बिट असेल तर सुरुवातीलाच तसा संदेश देऊन ती थांबते. नुकसान काही होत नाही.

पेन ड्राइव्ह तयार करणं

हे काम चांगल्या, चालू संगणकावर. अँटिएक्सच्या मूळ वेबसाइटवरून ३२-बिटची 'फुल' आयएसओ फाईल, म्हणजे अख्खी सिस्टिम भरलेली एकच फाईल, उतरवा. फाईलशेजारी एसएचए-२५६ नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाईलवर उजवं बटण दाबून तोच आकडा काढता येतो. दोन्ही जुळले पाहिजेत. आपल्याकडे लाईट जाते, नेट तुटतं, फाईल अर्धवट उतरते, आणि मग इन्स्टॉल सत्तर टक्क्यांवर मरतं. दोन मिनिटांची तपासणी अर्धा दिवस वाचवते.

फाईल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रुफससारख्या प्रोग्रॅमने 'लिहावी' लागते. रुफसने आयएसओ की डीडी असं विचारलं तर डीडी निवडा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. ड्राइव्ह ४ किंवा ८ जीबीचा जुना असेल तर उत्तम, मोठ्या नव्या ड्राइव्हांशी जुनी बायोस, म्हणजे मशीन चालू होताच बोर्डावर आधी जागा होणारा प्रोग्रॅम, कधीकधी बोलतच नाही.

बायोसशी वाटाघाटी

पेन ड्राइव्ह लावताना कॅबिनेटच्या मागचं पोर्ट वापरा, थेट बोर्डावर असतं ते. पुढच्या पोर्टाच्या आतल्या वायरी निम्म्या मशीनमध्ये सुटलेल्या असतात. कीबोर्ड गोल पिनेचा, पीएस/२ असेल तर बरं. यूएसबी कीबोर्ड कधीकधी बायोसमध्ये मुका राहतो. माझ्याकडे ह्या कामासाठी एक टीव्हीएस गोल्ड आहे. त्याची खट-खट शेजारच्या खोलीत ऐकू जाते, बटणांखाली भडंगाचे दाणे सापडतात, पण इतक्या वर्षांत एक कळ मेलेली नाही.

चालू केल्याबरोबर इंटेलच्या बोर्डावर एफ२, इतर बहुतेकांवर डिलीट, ठरावीक लयीत दाबत राहा. बायोस उघडली की तीन गोष्टी: तारीख-वेळ आजची करा, यूएसबी लेगसी सपोर्ट चालू करा, आणि बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्या यादीत, यूएसबी वर आणा. जुन्या बायोसमध्ये यूएसबी-एचडीडी, यूएसबी-झिप असे दोन-तीन पर्याय दिसतात. आधी एचडीडी. काही बायोस मात्र पेन ड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतात, मग 'हार्ड डिस्क' यादीच्या आत जाऊन त्यालाच पहिलं करावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा दोन तास गेले. एफ१० दाबून सेव्ह करा.

बायोसला यूएसबीवरून बूट करणं येतच नसेल तर दोन वाटा. डीव्हीडी ड्राइव्ह चालू असेल तर आयएसओ डीव्हीडीवर कमी वेगाने लिहा. फक्त सीडी वाचत असेल तर प्लॉप बूट मॅनेजर नावाचा इवलासा प्रोग्रॅम सीडीवर लिहा. तो सीडीवरून सुरू होतो आणि पुढे पेन ड्राइव्हला हात देतो.

आधी नुसतं चालवून बघा

बूट मेनू आला की पहिल्यांदा मेमरी टेस्ट निवडा आणि चहा प्यायला जा. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. लाल ओळी दिसल्या तर रॅम खराब, पुढे जाऊ नका. रॅम चांगली निघाली की पहिल्या पर्यायावर एंटर. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून मेनूतला 'सेफ' शब्द असलेला पर्याय घ्या, जुन्या ग्राफिक्स चिपला तो झेपतो.

आता डेस्कटॉप दिसेल. ही सिस्टिम पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये चालली आहे, डिस्कवर अजून काही लिहिलेलं नाही. आवाज येतो का, माऊस-कीबोर्ड चालतो का, नेट लागतं का, सगळं इथेच बघा. पासवर्ड मागितला तर साध्या वापरासाठी 'डेमो', व्यवस्थापनासाठी 'रूट', इंग्रजी छोट्या अक्षरांत. वर सांगितलेलं कॉपीचं कामही ह्याच वेळी उरका.

नेटसाठी युक्ती: वायफाय डोंगल शोधत बसू नका. अँड्रॉइड मोबाईल यूएसबी केबलने जोडा, मोबाईलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. संगणकाला तो लॅनकार्डासारखा दिसतो, ड्रायव्हर लागत नाही.

इन्स्टॉल

डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह उघडा. डिस्कवर दुसरं काही ठेवायचं नसेल तर 'सगळी डिस्क वापरा' हाच पर्याय घ्या, नवख्याने विभागणी हाताने करू नये. स्वॅप ठेवू का विचारलं तर ठेवा, ५१२ रॅमला १ ते २ जीबी. स्वॅप म्हणजे रॅम भरली की सामान ठेवायचा माळा. चढ-उतर हळू होते, पण मशीन गोठत नाही.

मग येतो तो प्रश्न ज्याने मला तोंडघशी पाडलं: बूटलोडर, म्हणजे चालू होताना सिस्टिमला उठवणारा ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम, कुठे टाकू? मी न वाचता पहिला पर्याय निवडला. इन्स्टॉल छान झालं, मी पेन ड्राइव्ह काढला, शेठना फोन लावून "या बघायला" म्हणालो. ते स्कूटरवरून आले आणि पडद्यावर काळ्यावर पांढरं: बूट डिव्हाइस सापडत नाही. पेन ड्राइव्ह परत लावला की मशीन सुरू, काढला की बंद. ग्रब पेन ड्राइव्हवरच बसला होता. शेठ म्हणाले, "म्हंजे आता ही किल्ली लावूनच गाडी चालवायची व्हय?" तेव्हा त्या पानावर डिस्कचं नाव बघू नका, आकार बघा. ४० जीबी दिसेल ती आपली, ८ जीबी दिसेल तो पेन ड्राइव्ह. ग्रब ४० वाल्यावर, एमबीआर पर्यायाने.

पुढे कीबोर्ड, वेळेचा पट्टा (आशिया, कोलकाता), नाव, पासवर्ड. पासवर्ड कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. सुरक्षातज्ज्ञ रागावतील, पण तीन महिन्यांनी तुम्हालाच फोन येणार आहे. फाईल कॉपी व्हायला ह्या डिस्कवर अर्धा-पाऊण तास लागतो. मध्येच डिस्क 'टक... टक...' असा ठरावीक आवाज करत अडली तर तिचं आयुष्य संपलंय, दुसरी आयडीई डिस्क बघा किंवा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीईच्या खाचेत बसवणारा अडॅप्टर. ते कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं.

पहिल्या दिवशीची कामं

अपडेट करायला गेलात आणि 'रिलीज फाईल अजून वैध नाही' अशा अर्थाची तक्रार आली, ब्राउझरमध्ये प्रत्येक पानाला प्रमाणपत्राची चूक दिसली, तर नेटवाल्याला फोन करू नका, कोपऱ्यातलं घड्याळ बघा. २००३ साल दाखवत असेल. संगणकाच्या हिशोबी आजच्या फाईली भविष्यातल्या आहेत, म्हणून तो त्या घेत नाही. मेलेल्या सेलची गोष्ट ती हीच.

मराठीसाठी सिनॅप्टिक, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्रॅम, उघडून लोहित देवनागरी फॉन्ट आणि लिबरऑफिसचा मराठी भाग घ्या. टायपिंगला वेगळं सॉफ्टवेअर लादू नका, कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडणीखाली मराठी इनस्क्रिप्ट असतं, ते रॅम खात नाही. इनस्क्रिप्टला लोक उगाच घाबरतात. 'सांगली' लिहायला एम, ई, एक्स, आय, एन, आर अशा सहा कळा: स, काना, अनुस्वार, ग, ल, दुसरी वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. शेठच्या नातवाला आठवड्यात जमलं.

५१२ एमबीवर लिबरऑफिस उघडायला मिनिटभर घेतं. पत्रासाठी ॲबीवर्ड, हिशोबासाठी न्यूमेरिक बघा, दोन्ही हलके. टॅली लिनक्सवर चालवायचा आटापिटा करू नका, तिचं काम दुसऱ्या मशीनवर न्या. शेठनी जीएसटी आल्यावरच नेलं होतं.

प्रिंटरबद्दल थोडं. घरोघरी असलेला एचपीचा छोटा लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, पण त्याला दरवेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर भरवावं लागतं, म्हणून एचपीएलआयपी हा एचपीचा ड्रायव्हर टाकून त्याचा प्लगइन वेगळा उतरवून घ्यायचा. डॉट मॅट्रिक्सचं उलट आहे. पॅरलल पोर्टला लावा, कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाईच्या सेटिंगमध्ये, एप्सन ९-पिन निवडा, झालं.

शेठकडे डॉट मॅट्रिक्सच होता, शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी छापायला. इंग्रजी अक्षरं प्रिंटरच्या पोटातच असतात म्हणून ती सरसर येतात. मराठी अक्षरं त्याला माहीत नसतात, ती चित्र म्हणून ठिपक्या-ठिपक्याने छापावी लागतात. 'हळद राजापुरी, पोती ४२, हमाली, तोलाई' एवढी पट्टी निघायला दीड मिनिट लागतं आणि तेवढा वेळ गाळ्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. मी म्हटलं, पट्टी इंग्रजीत ठेवू, दहा सेकंदांत होईल. शेठनी पट्टी फाडून समोर बसलेल्या तासगावकडच्या आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी ती लांब धरून मोठ्याने वाचली, हमालीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे चार रुपय जास्त लावलंयसा."